अमेरिकन ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' हा अल्बम स्ट्रीमिंगवर असताना रीइश्यू (नव्याने काढलेला) एलपी घ्यावा का?

हो, घ्या. इलेक्ट्रिक ब्लूज गिटारचा एकच एलपी घरात ठेवायचा असेल, तर मी हाच सांगेन. 1967 साली अमेरिकेतल्या मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीने तो काढला. साथीला स्टॅक्सचा स्टुडिओ-बँड बुकर टी. अँड द एमजीज आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले मेम्फिस हॉर्न्स. त्यामुळे ब्लूजला सोलचा (गॉस्पेल आणि ब्लूजमधून आलेल्या अमेरिकन संगीताचा) ठेका मिळाला, आणि पुढच्या रॉक गिटारवाल्यांनी तो मनसोक्त उचलला. क्रीम या ब्रिटिश रॉक बँडने शीर्षकगीत पुढच्याच वर्षी केलं.

किंग डावखुरा. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायचा, म्हणून बारीक तारा वरच्या बाजूला यायच्या. आपण तार वर ढकलतो, तो खाली ओढायचा. याच एलपीवरचं 'क्रॉसकट सॉ' ऐका: सूर मोजके, पण एकेक तार अशी ताणलेली की माणूस बोलतोय असं वाटतं. मधली शांतताही तितकीच मोलाची.

मोनो (स्टिरिओ नसलेली, एकाच चॅनेलची) आवृत्ती मिळाली तर तीच घ्या; बेस, ड्रम आणि गिटार एकत्र अंगावर येतात. मास्टरिंग (छपाईआधीची आवाजाची अंतिम तयारी) मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून केलंय का, हे घेण्याआधी कव्हरवर वाचा. तसा उल्लेख नसेल तर जास्त पैसे मोजू नका.