वेल धरायची कधी, सोडायची कधी: वाचकांचे प्रश्न

प्लॅटफॉर्म गेममधल्या, म्हणजे उड्या मारत आणि चढत पुढे जायच्या गेममधल्या, वेलींबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. उत्तरांतले आकडे सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) आणि १६ पिक्सेलची चौकोनी टाइल (ज्या तुकड्यांनी गेमचं चित्र रचतात तो एक तुकडा) धरून काढले आहेत. तुमच्या गेमचं माप वेगळं असेल, तर त्या प्रमाणात बदलून घ्या.

प्रश्न: शिडी होतीच, मग गेममध्ये वेल कशाला आली? दोन्हींवर चढायचंच तर असतं.

शिडी कुणीतरी आणून लावलेली असते, वेल आपली आपण वाढते. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये लोखंडी तुळया होत्या, त्यामुळे शिड्या शोभल्या. १९८२च्या ‘डाँकी काँग ज्युनियर’मध्ये नायकच माकडाचं पिल्लू झाला आणि पडदा वेलींनी भरला. पण त्या वेली म्हणजे हिरव्या रंगाच्या शिड्या नव्हत्या. दोन हातांत दोन वेली धरल्या की ज्युनियर भराभर वर चढतो. एकाच वेलीला लटकला तर चढणं मंदावतं, पण खाली मात्र सुर्रकन घसरतो. म्हणजे वर जायचं असेल तर दोन वेली, खाली यायचं असेल तर एक. एवढ्या एका नियमामुळे चढण्याच्या प्रत्येक क्षणी खेळाडूला काहीतरी ठरवावं लागतं. शिडीवर ठरवण्यासारखं काही नसतं. वेलीत ही ताकद असताना तिचा वापर नुसता शिडीसारखा केलेला दिसला की वाईट वाटतं.

त्याच १९८२ साली अटारी २६०० या घरगुती गेम-यंत्रावर आलेल्या ‘पिटफॉल!’मध्ये वेल चढायची नव्हती, तिला लटकून खड्डा पार करायचा होता. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये विटेला डोकं मारलं की तिच्यातून वेल उगवते आणि ढगांवर नेते. चढायची, झुलायची आणि उगवणारी अशी ही तीन घराणी. पुढच्या बहुतेक गेममधली वेल यांतल्याच एखाद्या घराण्यातली निघते.

रचनेच्या दृष्टीने वेलीची आणखी एक सोय आहे. ती अधांतरी संपली तरी डोळ्याला खटकत नाही. शिडी जमिनीच्या तीन टाइल वर संपली तर चित्रकाराची चूक वाटते. वेल तिथे संपली तर ‘उडी मारून पकड’ असं वाटतं.

प्रश्न: माझ्या गेममध्ये पात्र वेलीच्या वरच्या टोकाला पोचलं की थरथरत राहतं. आणि वेलीवरून उडी मारली की लगेच परत त्याच वेलीला चिकटतं. काय चुकतंय?

दोन्ही दुखणी एकाच मुळाची आहेत. वेल धरण्याची आणि सोडण्याची अट एकच ठेवली की असं होतं.

आधी थरथर. पात्र टोकाच्या वर एक पिक्सेल गेलं की वेलीचं क्षेत्र संपतं, पात्र ‘पडण्याच्या’ अवस्थेत जातं आणि गुरुत्व त्याला खाली ओढतं. तोवर ते पुन्हा क्षेत्रात आलेलं असतं. वरचं बटण दाबलेलंच असल्यामुळे ते परत वेल धरतं. एक-दोन फ्रेमच्या अंतराने हे चक्र अखंड चालतं. वेल कट्ट्यापाशी संपत असेल, तर टोकाला एकतर्फी फळी ठेवा: खालून पार होणारी, वरून टेकू देणारी. पाय फळीच्या वर गेले की पात्राला उभं करा आणि चढण्याची अवस्था तिथेच संपवा. वेल अधांतरी संपत असेल, तर टोकाच्या ८ पिक्सेल खालीच चढणं थांबवा. हात टोकाशी, शरीर खाली, असं चित्रही त्यामुळे बरोबर दिसतं.

वेल धरण्याची तपासणी पात्राच्या पूर्ण चौकटीने, म्हणजे टक्कर मोजण्यासाठी त्याच्याभोवती धरलेल्या आयताने, करू नका. छातीच्या उंचीवर एक बिंदू घ्या आणि तो वेलीच्या मध्यरेषेपासून ६ पिक्सेलच्या आत आहे का, एवढंच पाहा. पूर्ण चौकट घेतली तर पायाचा अंगठा लागला तरी पात्र वेलीला लटकतं.

आता चिकटणं. उडी मारल्यावर १२ फ्रेम, म्हणजे ०.२ सेकंद, तीच वेल पुन्हा धरायला बंदी घाला. फक्त तीच. सरसकट सगळ्या वेलींवर बंदी घातली, तर जवळच्या दुसऱ्या वेलीवर झेप घेणारा खेळाडू तिच्या आरपार जातो, आणि त्याची चूक नसताना मरतो. म्हणून ‘शेवटची सोडलेली वेल’ आणि ‘सोडून किती फ्रेम झाल्या’ अशा दोन्ही नोंदी ठेवा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वेल धरल्यावर पात्राला तिच्या मध्यरेषेवर आणावं लागतं. ते एका फ्रेममध्ये आणलं तर झटका दिसतो. ३-४ फ्रेममध्ये सरकवा. पण वेल भिंतीला लागून असलेल्या टाइलमध्ये असेल, तर मध्यरेषा भिंतीपासून अवघी ८ पिक्सेल दूर असते. पात्र १४ पिक्सेल रुंद असेल तर त्याची अर्धी रुंदी ७, म्हणजे जेमतेम मावतं. १८ रुंद असेल तर अर्धी रुंदी ९ होते आणि ते भिंतीत रुततं. अशा ठिकाणी वेल एक टाइल बाजूला घ्या, किंवा मध्यरेषा चित्रापेक्षा २-३ पिक्सेल सरकवून ठेवा.

वेगाचं म्हणाल तर धावणं सेकंदाला १२० पिक्सेल असेल तिथे चढणं ६० आणि उतरणं ९० ते १०० ठेवून पाहा. चढण्याचा वेग धावण्याच्या निम्म्याखाली गेला की लांब वेली कंटाळवाण्या होतात.

प्रश्न: हवेतून जाताना वेल आपोआप धरली जावी, की वरचं बटण दाबल्यावर?

वेल दरीवर असेल तर आपोआप. चालायच्या वाटेसमोर असेल तर बटण दाबल्यावरच, नाहीतर धावणारं पात्र प्रत्येक वेलीशी अडकेल. एकाच गेममध्ये दोन्ही प्रकारच्या जागा असतील, तर सगळीकडे चालणारा एकच नियम ठेवा: पाय जमिनीवर असताना बटण लागतं, हवेत असताना लागत नाही.

प्रश्न: झुलणारी वेल बनवली, पण तिच्यात जीव वाटत नाही. सोडल्यावर पात्र दगडासारखं सरळ खाली पडतं. शिवाय काही वेळाने झोका आपोआप मोठा होत जातो.

सरळ पडण्याचं कारण सोपं आहे. वेल सोडताना पात्राला झोक्याचा वेग दिलेला नाही. लटकलेलं असताना पात्राची जागा तुम्ही दर फ्रेमला कोनावरून मोजता, त्यामुळे त्याचा स्वतःचा वेग शून्यच राहतो. सोडण्याच्या क्षणी कोनीय वेगाला (कोन किती वेगाने बदलतोय त्याला, रेडियनमध्ये) टांगणीपासूनच्या अंतराने गुणा आणि तो वेग वेलीला काटकोनात द्या. झोक्याचा सगळा जीव या एका ओळीत आहे.

झोका मोठा होतो तो हिशेबाच्या क्रमामुळे. जुन्या वेगावरून आधी कोन बदलायचा आणि मग वेग, असं केलं की दर फेरीत थोडी ऊर्जा फुकट मिळत जाते. क्रम उलटा करा: आधी वेग बदला आणि त्या नव्या वेगाने कोन हलवा. याहून सोपी वाट म्हणजे झोका थेट साइन वक्रावर, म्हणजे ठरलेल्या लयीत मागेपुढे होणाऱ्या गणिती लाटेवर, चालवणं. मग वेल घड्याळासारखी चालते आणि खेळाडूला तिची लय पाठ होते. ज्या गेममध्ये वेळ साधणं हाच खेळ आहे, तिथे आमचं मत साइनच्या बाजूने.

मापांचं उदाहरण घ्या. वेल ९६ पिक्सेल लांब आणि गुरुत्व ९०० (पिक्सेल, दर सेकंदाला दर सेकंद). लांबी भागिले गुरुत्व, त्याचं वर्गमूळ, गुणिले ६.२८ केलं की एका पूर्ण झोक्याला सुमारे २.०५ सेकंद मिळतात. ४५ अंशांचा मोठा झोका असेल तर खरा वेळ सुमारे ४ टक्के जास्त येतो, पण गेममध्ये ते कुणाला जाणवत नाही. लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट होतो. लांब वेलींची वाट बघताना खेळाडू कंटाळतात ते यामुळेच. ४५ अंशांवरून सुटलेला झोका तळाशी सेकंदाला सुमारे २२५ पिक्सेलच्या वेगाने जातो, म्हणजे वर धरलेल्या धावण्याच्या जवळजवळ दुप्पट.

मग सोडायची कधी? नवखा खेळाडू झोका पूर्ण पुढे जाईपर्यंत थांबतो. तिथे वेग शून्य असतो, त्यामुळे तो ६८ पिक्सेलवर सरळ खाली पडतो. उतरायची जागा झोक्याच्या तळाच्या पातळीवर असेल, तर टांगणीखालच्या उभ्या रेषेच्या पुढे ३५ अंशांच्या आसपास सोडल्यावर सर्वांत लांब, सुमारे ९० पिक्सेल जाता येतं. उतरायची जागा आणखी एक वेलभर, म्हणजे ९६ पिक्सेल, खाली असेल तर तोच कोन २२-२३ अंशांवर येतो आणि अंतर सुमारे १३८ पिक्सेल होतं. (सगळी अंतरं टांगणीच्या सरळ खालून मोजलेली आहेत.) सोडताना तुम्ही वर उडीचा धक्काही देत असाल, तर कोन आणखी लवकर घ्यावा लागतो, कारण उंची फुकट मिळते आणि आडवा वेग तळाशीच सर्वांत जास्त असतो.

खड्ड्याची रुंदी ठरवताना हे कमाल अंतर वापरू नका. त्याच्या ७५-८० टक्के घ्या. नाहीतर ३-४ फ्रेमच्या चुकीवर खेळाडू मरत राहील आणि दोष वेलीला देईल.

प्रश्न: ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या ४-२ मध्ये (चौथ्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये) वेल चढून पुढच्या जगांत जाता येतं. मग वेगाने गेम संपवणारे ती वेल का टाळतात?

ती वेल ६, ७ आणि ८ या जगांत थेट पोचवणाऱ्या नळ्यांपाशी नेते, म्हणून ठिकाण त्यांनाही तेच हवं असतं. फक्त वेल उगवण्यात आणि चढण्यात जाणारे सेकंद नको असतात. हा गेम ‘पुढे कुठे जायचं’ याचा एकच पत्ता लक्षात ठेवतो आणि पडदा पुढे सरकेल तसा तो बदलतो. आधी त्यात वेलीचं ठिकाण असतं. थोडं पुढे गेलं की नाण्यांच्या खोलीत नेणाऱ्या नळीचं येतं. निष्णात खेळाडू विटांना मुद्दाम अशा तऱ्हेने धडकतात की मारिओ पडद्यावर नेहमीपेक्षा उजवीकडे सरकतो. मग तो नळीपाशी पोचतो तेव्हा पडदा मागे राहिलेला असतो आणि पत्ता अजून वेलीचाच असतो. नळीत उतरला की थेट वेलीच्या टोकाचं ठिकाण. वेल न चढता वेलीचं फळ!

प्रश्न: विटेतून उगवणारी वेल करायची आहे. काय जपायचं?

फक्त शेंडा हलता ठेवा आणि त्याच्या मागे खोडाच्या टाइल मांडत जा. शेंडा फ्रेमला ४ पिक्सेल वर गेला तर १० टाइलची वेल ४० फ्रेममध्ये, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आत तयार होते. वाढण्याचा वेग चढण्याच्या किमान दुप्पट हवा, नाहीतर पात्र शेंड्याला गाठून अडखळतं. चढायचं क्षेत्रही शेंड्याबरोबरच वाढवा. ते आधीच पूर्ण उंचीचं ठेवलं तर पात्र हवेत चढताना दिसतं, आणि ही चूक फार वेळा होते. थांबण्याच्या तीन अटी लिहा: वर घन टाइल आली, पडदा संपला, ठरलेली उंची झाली. पुढची वाट या वेलीवरूनच जात असेल, तर ‘वेल उगवली’ ही नोंद चेकपॉइंटला (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं तिथे) जपून ठेवा. वीट वापरून झालेली आणि वेल मात्र गायब, अशी लेव्हल कधीच पूर्ण करता येत नाही.

प्रश्न: शोभेच्या वेली आणि चढायच्या वेली खेळाडूला वेगळ्या कशा कळाव्यात?

रंगछटेवर विसंबू नका. लाल-हिरवा फरक न दिसणारे खेळाडू असतात. उजळपणात फरक करा. चित्र काळं-पांढरं करून बघा आणि त्यातही चढायची वेल उठून दिसते का ते तपासा. आकारातही फरक हवा: चढायची वेल उभी, एकसारखी जाड आणि ठरावीक अंतरावर गाठी असलेली, शोभेची पातळ, वेडीवाकडी आणि मागच्या थरात. पहिली वेल सुरक्षित जागी द्या, जिथे चुकलं तरी फक्त जमिनीवर पडायला होतं. २०१०च्या ‘डाँकी काँग कंट्री रिटर्न्स’मध्ये भिंती आणि छतांवरचं गवत धरून चालता येतं, आणि ज्यावर गवत आहे ते धरता येतं ही खूण पक्की आहे. एकदा दिलेला शब्द मोडू नका. धरता येण्याजोगी दिसणारी पण न धरता येणारी एकच वेल पुढच्या सगळ्या वेलींवरचा विश्वास घालवते.

प्रश्न: लटकण्याला दमाची मर्यादा ठेवावी का?

वेलीवर सहसा नको. भिंत कुठेही धरता येत असेल तरच मर्यादेला अर्थ असतो. २०१८च्या ‘सेलेस्ट’मध्ये भिंत धरण्याचा दम ११० आहे, नुसतं लटकलं तर सेकंदाला १० जातो, वर चढलं तर सुमारे ४५ आणि भिंतीवरूनच वर उडी घेतली तर एका फटक्यात २७.५. म्हणजे लटकून ११ सेकंद, चढत राहिलं तर अडीच सेकंदांहून थोडं कमी. तिथे हे आकडे शोभतात, कारण कुठे धरायचं हे खेळाडू ठरवतो. वेलीची जागा तुम्ही ठरवलेली असते; तिच्यावर पुन्हा घड्याळ लावलं तर ती नुसती घाई होते.

प्रश्न: खऱ्या जंगलात वेलीला असं झुलता येतं का? चित्र काढताना काय खरं दाखवावं?

जंगलातल्या मोठ्या, लाकडी खोडाच्या वेलींची मुळं जमिनीत असतात आणि त्या झाडाच्या आधाराने वर जातात. म्हणून अखंड वेल खालून बांधलेली असते, तिला झोका घेता येत नाही. झुलायची वेल काढताना खालचं टोक तुटलेलं दाखवा. तेवढ्या एका तपशिलाने चढायची वेल आणि झुलायची वेल खेळाडूला लांबूनच वेगळ्या ओळखता येतील.