खासगी मातीचे धरण, वाडीचे पाणी आणि मालकाची जबाबदारी

प्रश्न: आमच्या सामाईक जमिनीत आजोबांनी पऱ्यावर (ओढ्यावर) सुमारे ६ मीटर उंच व ७० मीटर लांब असे मातीचे धरण बांधले होते. वडिलांच्या तोंडी परवानगीने १९९८ साली खालच्या वाडीने वर्गणी काढून तेथून नळ नेला. दरवर्षी पाऊस ओसरला की वाडीतील लोक सांडव्यात (जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेत) वाळूच्या गोण्या रचून पाणी वाढवतात. गेल्या पावसाळ्यापासून बांधाच्या पायथ्याशी पाझर दिसतो आणि जोराच्या सरींत तो गढूळ होतो. दुरुस्तीचा खर्च उचलायला वाडी तयार नाही. मुंबईतील भावाचे म्हणणे आहे की बांध फोडून मोकळे व्हावे. धरण फुटले तर जबाबदार कोण?

उत्तर: आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर शब्द ‘गढूळ’ हा आहे. मातीच्या बांधातून थोडे स्वच्छ पाणी झिरपणे नेहमीचे असते. गढूळ पाणी मात्र बांधाच्या पोटातील माती वाहून जात असल्याची खूण असू शकते. म्हणून कायद्याचे पुढचे सारे वाचण्याआधी सांडव्यातील गोण्या काढाव्यात, विमोचकातून (धरणातील पाणी सोडण्याच्या दारातून) पाणीपातळी हळूहळू उतरवावी आणि स्थापत्य अभियंत्याकडून लेखी पाहणी अहवाल घ्यावा. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. ते धरण सरकारी होते, पण गळतीच्या तक्रारी तेथेही आधीपासून होत्या.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ आपल्या बांधाला लागू होत नाही. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या, ठरावीक निकषांत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. यावरून जबाबदारी नाही असे समजणे मात्र घातक ठरेल, कारण नुकसानभरपाईचा सामान्य कायदा उंची पाहत नाही. या विषयावरील मूळ इंग्रजी निवाडा, १८६८ सालचा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, एका गिरणीमालकाच्या खासगी जलाशयाबद्दलच होता; त्यातील पाणी शेजारच्या खाणीत शिरले आणि मालकाची स्वतःची चूक नसतानाही त्याच्यावर भरपाई बसली. भारतातील जुन्या तलावांच्या बाबतीत प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) १८७४ मध्ये मद्रास इलाख्यातील कार्वेतिनगरच्या जमीनदाराला त्या कठोर नियमातून सूट दिली. त्यामागील कारण असे की ते तलाव प्राचीन रूढीने लोकांसाठी राखणे हे त्याचे कर्तव्यच होते आणि त्याच्याकडून निष्काळजीपणा झालेला नव्हता. आजोबांनी स्वतःच्या शेतीसाठी बांधलेल्या धरणाला ही सूट मिळेलच, असे गृहीत धरू नये. निष्काळजीपणाचा मुद्दा तर उरतोच. पंजाब राज्य विरुद्ध मॉडर्न कल्टिव्हेटर्स या खटल्यात कालव्याचा काठ फुटला होता. नीट निगा राखली असती तर काठ असा फुटत नाही, हे गृहीत धरून आणि सरकारने आपली कागदपत्रे पुढे आणली नाहीत हेही जमेस धरून सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये राज्याला जबाबदार ठरवले. आपल्याला पाझर दिसला आहे व तसे आपण या पत्रात लिहिलेही आहे. त्यामुळे यापुढे ‘अतिवृष्टी झाली, देवाची करणी’ हा बचाव फार तोकडा पडेल. जीवितहानी झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंतच्या कारावासाचा प्रसंग येऊ शकतो.

आता वाडीचा हक्क. २० वर्षे पाणी घेतले म्हणून आपोआप वहिवाटीचा हक्क मिळतो, हा समज अर्धवट आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार तो उपभोग हक्काने, उघडपणे आणि अखंड असावा लागतो. परवानगीने घेतलेले पाणी त्यात बसत नाही, ते लायसन्स, म्हणजे केवळ परवानगी, ठरते. परंतु त्याच कायद्याचे कलम ६० सांगते की परवानगीवर विसंबून खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. वाडीने वर्गणीतून व्हॉल्व्हचे चेंबर बांधले व नळ टाकला असेल, तर न्यायालय बहुधा त्यांच्या बाजूने झुकेल, आणि माझ्या मते तसे होणे न्याय्यही आहे.

तथापि हक्क असो वा परवानगी, गोण्या रचून धरणावरील भार वाढवण्याची मुभा त्यात येत नाही. तसेच कलम ५७ प्रमाणे परवानगी देणाऱ्याला माहीत असलेला, परंतु घेणाऱ्याला माहीत नसलेला धोकादायक दोष उघड करणे हे आपले कर्तव्य आहे. म्हणून वाडीला, ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना पाझराविषयी छायाचित्रांसह लेखी कळवावे, पोच घ्यावी आणि गोण्या रचण्यास स्पष्ट हरकत नोंदवावी.

बांध फोडण्याचा विचार मनातून काढून टाकावा. पिण्याचे किंवा शेतीचे पाणी कमी होईल असे कृत्य जाणूनबुजून करणे हा न्याय संहितेच्या कलम ३२६ खाली गुन्हा होऊ शकतो, आणि एकदम सुटलेल्या पाण्याने खाली जे नुकसान होईल ते तर सर्वस्वी आपल्याच माथी येईल. धरण खरोखर काढायचेच ठरले, तर अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे, उन्हाळ्यात, वाडीला पर्यायी पाणी मिळाल्यानंतर आणि प्रशासनाला कळवूनच ते काढावे.

दुरुस्तीच्या खर्चाबाबत वाडीशी बोलताना आपली बाजू लंगडी नाही. वहिवाटीचा हक्क आहे असे त्यांनी म्हटले, तर कलम २५ नुसार त्या हक्काच्या उपभोगासाठी लागणाऱ्या दुरुस्तीचा खर्च हक्क असणाऱ्याने सोसायचा असतो. आणि परवानगीच आहे असे म्हटले, तर परवानगी देणाऱ्याने बांध कायम नीट राखून द्यावा असे कोणतेही बंधन कायदा घालत नाही. मात्र धरण फुटून तिसऱ्याचे नुकसान झाले, तर तो माणूस प्रथम मालकाच्याच दारी येईल. वाडीने पैसे दिले नाहीत, हे त्याला दिलेले उत्तर होत नाही. म्हणून तातडीचे काम आपण आधी करून घ्यावे आणि वाट्याचा वाद मागाहून चालवावा.

यासाठी ग्रामपंचायतीसह लेखी करार करावा. पाण्याची कमाल पातळी, सांडवा मोकळा ठेवण्याची जबाबदारी, पावसाळ्यापूर्वीची वार्षिक तपासणी आणि खर्चाचा वाटा त्यात आकड्यांनिशी यावा. तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद घ्यावी. सातबाऱ्यावर भावाचेही नाव असेल, तर त्याच्या सहीविना हा करार पुरता टिकणार नाही. आणि बांध फुटल्यास भरपाईचा दावा मुंबईत राहणाऱ्या सहमालकावरही तितकाच लागेल, हे त्याला अभियंत्याचा अहवाल दाखवून सांगावे. अहवाल येईपर्यंत दर आठवड्याला पाझराची नोंद तारखेसह वहीत करीत जावी आणि पाणी उतरवलेलेच ठेवावे.