वाचकांचे प्रश्न : जिन्याच्या कठड्याला गज किती?

प्रश्न : नव्या घराच्या जिन्याला 12 मिमीच्या चौकोनी बारचं रेलिंग करतोय. पायरी 10 इंचाची आहे. ‘पायरीला दोन बार पुरे’ असं फॅब्रिकेटर म्हणतो. घरात दोन वर्षांचं मूल आहे. (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : पुरत नाहीत. 10 इंच म्हणजे 254 मिमी. दोन बार लावले तर मध्यापासून मध्य 127, त्यातून बारचे 12 वजा, म्हणजे मोकळी फट 115 मिमी. ती 100 च्या आत हवी. लहान मूल पाय आधी घालून अंगानं सरकतं, डोकं मात्र अडकतं, धोका तोच. 25 मिमीचा पाइप घेतला तरी फट 102 राहते. तीन बार लावा, फट 73 मिमीच्या आसपास येईल. लोखंड वाढेल, पण ही काटकसर करायची जागा नव्हे.

चौकातल्या, म्हणजे जिन्याच्या वळणावरच्या सपाट जागेतल्या, सरळ भागात दोन खांबांमध्ये 2 मीटर अंतर असेल तर 18 बार, म्हणजे फट 94 मिमी. 17 बसवले तर हिशेबानं 99.8 येते, एक बार जरा वाकला की संपलं. फटीच्या मापाचा ठोकळा (गुटका) सरकवत खुणा करू देऊ नका, मिलीमीटरची चूक शेवटच्या फटीत साचते. टेप एका टोकाला धरून सगळ्या खुणा एकदम करा. आधी नुसते टाके, ओळंबा लावून बघा, मग पक्कं वेल्डिंग.

खालची पट्टी आणि पायरी यांच्यातल्या त्रिकोणातून 150 मिमीचा चेंडू जाता कामा नये. उंची पायरीच्या कडेपासून किमान 3 फूट, चौकात साडेतीन.

पायऱ्यांना शहाबादी असेल तर बोल्ट नुसत्या फरशीत धरत नाही, आणि कडेजवळ भोक पाडलं की टवका उडतो. बोल्ट खालच्या काँक्रीटपर्यंत गेलाच पाहिजे.

प्रश्न : आमच्या तयार रेलिंगला आडवे स्टीलचे पाइप आहेत. नातू चढतो. (एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : आडवे पाइप म्हणजे त्याला शिडीच. जिन्याकडच्या बाजूनं 6 मिमी पॉलीकार्बोनेट शीट क्लॅम्पनं बसवा, वरच्या पाइपपर्यंत. बाहेरून लावली तर पाय ठेवायला जागा तशीच राहते. प्लॅस्टिकची जाळी बांधू नका, सोलापूरच्या उन्हात ती कडक होऊन तुटते.