क्रेऑनचा कायदा की क्रेऑनची दवंडी?

प्रश्न असा आहे: ग्रीक नाटककार सॉफोक्लीसच्या 'अँटिगनी' या शोकांतिकेवर मराठीत लिहिताना त्यातल्या राजा क्रेऑनने प्रेत पुरण्यावर घातलेल्या बंदीला 'कायदा' म्हणावं, 'राजाज्ञा' म्हणावं की 'फर्मान'? आणि 'रक्ताचं नातं विरुद्ध राज्याचा कायदा' असं या नाटकाचं वर्णन सर्रास केलं जातं, ते कितपत बरोबर?

माझं मत आधी सांगतो. स्वतःच्या निवेदनात 'मनाई' किंवा 'हुकूम' लिहावं. 'कायदा' हा शब्द मूळ संहितेत ज्याच्या तोंडी आहे, त्याच्याच तोंडी ठेवावा. या नाटकातलं भांडण बऱ्याच अंशी त्या मनाईला कायदा म्हणायचं की नाही यावरूनच पेटतं. आपण पहिल्याच वाक्यात 'राज्याचा कायदा' लिहिलं, तर नाटक सुरू होण्याआधीच क्रेऑनच्या बाजूने निकाल लागलेला असतो.

प्रसंग थोडक्यात असा. थीब्ज या ग्रीक शहराच्या वेशीपाशी दोन सख्खे भाऊ लढताना एकमेकांच्या हातून मेले. एटिओक्लीस शहराच्या बाजूने लढत होता, तर पॉलिनायसीस परक्यांची फौज घेऊन चालून आला होता. आता सत्तेवर आलेला त्यांचा मामा क्रेऑन जाहीर करतो, की एटिओक्लीसचे अंत्यसंस्कार मानाने होतील, पण पॉलिनायसीसचं प्रेत उघड्यावर कुत्र्या-गिधाडांसाठी पडेल. कोणी त्याला पुरलं, तर त्याला भर गावात दगडांनी ठेचून मारलं जाईल. बहीण अँटिगनी ही मनाई मोडते.

या मनाईला नाटकात दोन नावं आहेत. अँटिगनी सुरुवातीलाच तिला 'केरिग्मा' म्हणते. 'केरिक्स' म्हणजे राजाचा निरोप गावभर ओरडून सांगणारा, त्याने पुकारलं ते केरिग्मा. मराठीत याला दवंडी हा नेमका शब्द आहे. आणि तिथे ती क्रेऑनला राजा म्हणत नाही, 'स्ट्रॅटेगोस' म्हणते, म्हणजे सेनापती. पुढे तिला पकडून आणल्यावर क्रेऑन विचारतो, 'हे नोमोस ओलांडायची हिंमत केलीस?' (ओळ 449). तो 'नोमोस' म्हणतो, म्हणजे कायदा, रीत, समाजाने मान्य केलेला नियम. तिचं उत्तर या शब्दालाच हात घालतं: ही दवंडी काही देवांचा राजा झ्यूसने पिटली नव्हती. माणसाच्या दवंडीत एवढं बळ आहे असं मला वाटलं नाही, की तिच्यासाठी देवांची अलिखित, अढळ 'नोमिमा' (दंडक) मोडावीत. तो म्हणतो कायदा, ती म्हणते दवंडी. अनुवादात दोन्हीकडे 'कायदा' किंवा दोन्हीकडे 'आज्ञा' लिहिलं, की ही खडाजंगी सपाट होऊन जाते.

ही विभागणी दगडावरची रेघ मात्र नाही. बहीण इस्मिनी घाबरून तिला अडवते, तेव्हा तीही याला नोमोसच म्हणते. जिवंतपणी गुहेत कोंडायला नेत असताना खुद्द अँटिगनीही विलाप करते, की बघा मला कोणत्या नोमोसनी नेताहेत. आणि आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियसच्या भविष्यवाणीने हादरलेला क्रेऑन शेवटी कबूल करतो, की मरेपर्यंत प्रस्थापित नोमोस पाळणंच बरं असावं (ओळ 1113-14). तोच शब्द, तोच माणूस, पण आता अर्थ आहे अँटिगनीच्या बाजूचा. म्हणून नोमोससाठी एकच मराठी शब्द निवडून तो नाटकभर टिकवावा. मी 'कायदा'च ठेवीन.

'नोमिमा'साठी अनेकांना 'धर्म' सुचतो. मी तो टाळीन. क्रेऑनकडेही त्याचा राजधर्म आहेच, मग दोघांनाही लागू होणारा शब्द फरक कसा दाखवणार? 'देवांचे अलिखित दंडक' हे जास्त जवळचं आहे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. क्रेऑन म्हणजे केवळ हुकूमशहा आणि त्याची मनाई म्हणजे लहर, असंही नव्हे. अथेन्समध्ये देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या (म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाच्या) भूमीत पुरायला खरोखरच बंदी होती. इ. स. पू. 343मध्ये अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीसने एका खटल्यात क्रेऑनचं सत्ता हाती घेतानाचं भाषण आदर्श विचार म्हणून वाचून दाखवायला लावलं. त्या काळच्या प्रेक्षकाला त्याचं म्हणणं पटण्याजोगं होतं, फक्त क्रेऑन अंत्यसंस्कार साफ नाकारून अथेन्सच्या त्या बंदीच्याही पलीकडे जातो. शिवाय तो कुटुंबाबाहेरचाही नाही. मेलेल्यांचा जवळचा नातलग म्हणूनच आपल्याला सत्ता मिळाली, असं तो स्वतःच सांगतो (ओळ 174). ज्या नात्यावर त्याचं आसन टेकलं आहे, तेच नातं तो भाचीला नाकारतो. म्हणून 'कुटुंब विरुद्ध राज्य' ही मांडणी मला अपुरी वाटते.

'फिलोस' या शब्दात हे आणखी स्पष्ट दिसतं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नातलगही आणि मित्रही. इथे मराठीतला 'आपला' हा साधा शब्द 'आप्त' किंवा 'स्नेही'पेक्षा सरस ठरतो. क्रेऑन म्हणतो, शत्रू मेला तरी आपला होत नाही. ती म्हणते, मी द्वेषात साथ द्यायला नाही, प्रेमात साथ द्यायला जन्मले. त्याच्या लेखी आपलेपणा वागण्यावरून ठरतो, तिच्या लेखी जन्मावरून.

जाता जाता दोन शब्द अनुवाद करणाऱ्यांसाठी. अँटिगनी पहिल्यांदा भावाला 'पुरत' नाही, प्रेतावर फक्त कोरडी धूळ पसरते. पहारेकरी मुद्दाम सांगतो की थडगं नव्हतं, वर पातळ धुळीचा थर होता. त्याला 'दफन' म्हणू नका. 'मूठमाती' म्हणा, आज तो शब्द बहुतेक लाक्षणिक अर्थानेच उरला असला तरी. आणि नाटकाच्या पहिल्या ओळीत ती इस्मिनीला 'आउतादेल्फोस' म्हणून हाक मारते. त्यातल्या 'अदेल्फोस'ची फोड 'एकाच गर्भाशयातून आलेला' अशी आहे, हुबेहूब आपल्या 'सहोदर'सारखी. एरवी पुस्तकी वाटणारा हा शब्द इथे बिनदिक्कत वापरा. 'सख्खी'ने नातं कळतं, पण एकाच उदराचा उल्लेख सुटतो, आणि अँटिगनीचा पुढचा सगळा युक्तिवाद त्या उल्लेखावरच उभा आहे.