व्हॉट्सॲपमुळे मराठीचं शुद्धलेखन आणि व्याकरण खरंच बिघडतंय का?

तुम्ही विचारलंय की मोबाईलवरच्या लिहिण्यानं मराठी बिघडतेय का, आणि बिघडत असेल तर नेमकं काय. ऱ्हस्व-दीर्घाची जेवढी ओरड होते, तेवढी काळजी मला त्याची वाटत नाही. मला काळजी वाटते ती शब्द आणि प्रत्यय यांच्यामध्ये पडणाऱ्या मोकळ्या जागेची.

मी नागपुरात, महाल भागात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवायचं काम करतो. लग्नपत्रिका, बॅनर, वास्तुशांतीची निमंत्रणं. पूर्वी मजकूर कागदावर हातानं लिहून यायचा. त्यात 'आशिर्वाद', 'दिर्घायुष्य' असायचंच, त्यामुळे या चुका इंटरनेटनं आणल्या हे मला पटत नाही. पूर्वी छापलेलं मुद्रितशोधकाच्या हाताखालून जायचं, आता कच्चं लिखाणच सगळ्यांसमोर येतं, एवढाच फरक.

पण आता मजकूर व्हॉट्सॲपवर येतो आणि त्यात काही वेगळंच दिसतं. 'आमच्या मुली चा विवाह', 'नागपूर ला', 'शाळा मध्ये कार्यक्रम'. 'मुलीचा' जोडून लिहायचं असतं हे त्या माणसाला चांगलं ठाऊक असतं. हातात पेन दिला तर तो जोडूनच लिहील. मोबाईलवर मात्र रोमन अक्षरं टाईप करून वर सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवलं की कीबोर्ड पुढे आपोआप जागा सोडतो, आणि 'चा', 'ला' वेगळे पडतात.

हे नुसतं शुद्धलेखन असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. मराठीत प्रत्यय लागताना, किंवा 'मध्ये', 'वर' यांसारखं शब्दयोगी अव्यय जोडताना (सोयीसाठी त्यांनाही मी इथे प्रत्ययच म्हणतो), मूळ शब्द बदलतो. शाळा, पण शाळेत. रस्ता, पण रस्त्यावर. आमच्या गावाचंच बघा: १९६२च्या लेखननियमांप्रमाणे गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ, म्हणून 'नागपूर'; पण प्रत्ययाआधी रूप बदललं की 'नागपुरात'. प्रत्यय तुटला की शब्दाला बदलायचं कारणच उरत नाही. मग 'शाळा मध्ये', 'रस्ता वर' सुरू होतं. सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी शब्दाचं होणारं हे बदललेलं रूप, गेलं तर मराठी वाक्याची घडणच जाते. मुलं दिवसभर हेच वाचतात, आणि त्यांच्या कानाला ते खटकेनासं होतं. बिघाड म्हणायचा तर हा.

नागपुरात हे लवकर रुजतं त्यालाही कारण आहे. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी इथे पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदल्या आहेत. हिंदीत 'को', 'में' नामापासून तोडूनच लिहितात. दोन्ही भाषांच्या पाट्या वाचून सरावलेल्या डोळ्याला 'नागपूर ला' खुपत नाही. 'कि'चंही तेच: हिंदीत ऱ्हस्व, मराठीत 'की' दीर्घ.

मात्र या यादीत आमची बोली घालू नका. 'काऊन बे, येऊन राहिला का?' असं कोणी लिहिलं तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. 'येऊन राहिला' हे मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून विदर्भात बोललं जातं, त्याला त्याचं स्वतःचं व्याकरण आहे. 'पानी', 'कोन' हेही तसंच. पूर्वी घरच्या पत्रातसुद्धा माणूस बोलीत लिहायला कचरायचा, आज बिनधास्त लिहितो. याचा मला मनापासून आनंद आहे. अर्जात किंवा बातमीत प्रमाणभाषा हवी, आणि मित्राला लिहिताना नको, हे बहुतेकांना सांगावं लागत नाही.

'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, तो दोष बराचसा कीबोर्डचा. अर्धा ऱ कुठे आहे ते सापडत नाही, म्हणून लोक रफार देऊन मोकळे होतात.

करायचं काय, तर प्रत्ययासकट अख्खा शब्द सलग टाईप करा: 'नागपूर' निवडून मग 'ला' नाही, थेट 'नागपूरला'. सुचवलेला शब्द घेतलाच तर पुढची जागा खोडून प्रत्यय जोडा, आणि जोडल्यावर 'शाळामध्ये' झालं नाही ना, ते एकदा बघा. जमलं तर इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड शिका. त्यात अक्षरं तुम्हीच निवडता, जागाही तुम्ही द्याल तेव्हाच पडते, आणि ऱ, ळ, ण सगळे आपापल्या जागी सापडतात.