वाचक विचारतात : ‘स्टार ट्रेक’बद्दलची चारचौघांत न पटणारी मतं

‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका (1966 ते 1969, एकूण 79 भाग), म्हणजे एंटरप्राइज या अंतराळयानाचा कप्तान कर्क आणि त्याचा परग्रहवासी अधिकारी स्पॉक यांची अमेरिकन टीव्ही मालिका, आवडते, पण तिच्याबद्दलचं एखादं मत चाहत्यांमध्ये बोलायची चोरी होते, अशी मतं आम्ही मागवली होती. नागपूर आणि आसपासहून आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत.

मला तिसरा सिझन आवडतो. असं म्हटलं की मित्र ‘स्पॉक्स ब्रेन’ या भागाचं नाव घेतात आणि बोलणंच संपतं. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, धरमपेठ

नाही. ‘स्पॉक्स ब्रेन’ची वकिली आम्हीही करणार नाही. मेंदू काढून नेलेला स्पॉक रिमोटवर चालतो, हे दृश्य कशानेच सावरत नाही. पण 20 सप्टेंबर 1968 ला सिझनची सुरुवातच या भागाने झाली आणि उरलेल्या 23 भागांवर त्याचा शिक्का बसला. चित्रीकरण मात्र आधी झालं होतं ‘स्पेक्टर ऑफ द गन’चं. तो पडद्यावर आला ऑक्टोबरच्या शेवटी. दोन्हींवर लेखकाचं नाव एकच आहे, ली क्रोनिन. हे टोपणनाव मालिकेचे आधीचे लेखक-निर्माते जीन कून यांचं. पहिल्या सिझनमध्ये क्लिंगॉन हे परग्रहावरचे शत्रू आणले ते याच कून यांनी. तेव्हा ‘चांगले लेखक सोडून गेले म्हणून सिझन पडला’ एवढ्यावर भागत नाही.

पैसा कमी झाला होता, हे खरं. वेळ शुक्रवारी रात्री 10 ची मिळाली, म्हणजे तरुण प्रेक्षक घराबाहेर. मालिकेचे जनक रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाले आणि निर्मितीची धुरा फ्रेड फ्रायबर्गर यांच्याकडे आली. स्टुडिओबाहेरचं चित्रीकरण जवळपास थांबलं. आता ‘स्पेक्टर ऑफ द गन’ या नजरेने बघा. परग्रहवासीयांनी कर्क आणि सोबत्यांना गोळीबारात मरायला एका गावात पाठवलंय. ते 1881 चं अमेरिकेतलं टूमस्टोन गाव, पण घरांच्या नुसत्या दर्शनी भिंती, मागे लालभडक आकाश. खोलीला भिंत नाही, तरी घड्याळ टांगलेलं. पूर्ण गाव उभारायला पैसे नव्हते. कथेने त्याचं कारण दिलं, की परग्रहवासीयांनी हे गाव कर्कच्या मनातून उचललंय, म्हणून अर्धवट आहे. आणि शेवटची उकल त्यातूनच निघते. बेशुद्ध करणारा वायू चालत नाही, म्हणजे इथे निसर्गनियम खरे नाहीत, म्हणजे गोळीही खरी नाही. मात्र मनात तिळभर शंका राहिली तर ती मारणारच. म्हणून स्पॉक एकेकाच्या मनातून ती शंका काढतो. भरपूर पैसा असता तर हा भाग इतका चांगला झाला नसता, असं आमचं ठाम मत आहे.

मित्रांना पुढे ‘द एंटरप्राइज इन्सिडेंट’, ‘द थोलियन वेब’ आणि ‘ऑल अवर यस्टरडेज’ दाखवा. ‘अँड द चिल्ड्रन शॅल लीड’ मात्र त्यांच्या हाती लागू देऊ नका.

दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिलेली मालिका आता नव्या प्रतीत पाहिली, तर अंतराळातली दृश्यं कॉम्प्युटर गेमसारखी वाटतात. मुलगा म्हणतो हीच चांगली. जुनी काहून बदलली?
— एक वाचक, मानेवाडा

2006 पासून या भागांतली यानांची आणि ग्रहांची दृश्यं संगणकावर नव्याने केली गेली. चित्र स्वच्छ झालं, हे मुलाचं म्हणणं बरोबर. पण जुन्या दृश्यांत हातांचं काम दिसतं आणि ते पाहण्यासारखं आहे. एंटरप्राइजची मोठी प्रतिकृती सुमारे 11 फूट लांब होती. दिव्यांच्या वायरी तिच्या डाव्या बाजूने आत जात, म्हणून ती बाजू अपुरीच सोडली होती. यान बहुतेक वेळा उजव्या कुशीवरूनच दिसतं, ते यामुळे. ‘द डूम्सडे मशीन’ या भागातलं मोडकं यान कॉन्स्टेलेशन तर दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा किट आहे, जाळून विद्रूप केलेला. किटमधल्या स्टिकरचे 1701 हे एंटरप्राइजच्या नंबरचे आकडे फिरवून त्यावर 1017 लावलं. भाग थांबवून तो नंबर मुलाला दाखवा.

ब्लू-रे संचात जुने आणि नवे, दोन्ही इफेक्ट्स आहेत. मेनूतून किंवा रिमोटच्या अँगल बटणाने बदलता येतात. टीव्हीत दोन गोष्टी तपासा. चित्राचा आकार 4:3 ठेवा. पडदाभर ताणलं तर चेहरे रुंद होतात, ‘झूम’ केलं तर कपाळं कापली जातात. आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. तिच्यामुळे फिल्मवरचं चित्रण घरगुती व्हिडिओसारखं दिसतं आणि सेटचा प्लायवूड उघडा पडतो.

कर्क म्हणजे नियम मोडणारा, बायकांच्या मागे लागणारा कप्तान, असं सगळे म्हणतात. मला तो तसा दिसत नाही.
— एक वाचक, उमरेड

आम्हालाही नाही. दुसऱ्या पायलटमध्ये, म्हणजे मालिका सुरू होण्याआधीच्या नमुना भागात, त्याचा जुना मित्रच त्याचं वर्णन पुस्तकांत बुडालेला, वर्गात घाम फोडणारा शिक्षक असं करतो. नियम झुगारणारा कर्क ठसला तो 1980 च्या दशकातल्या चित्रपटांनी, जिथे तो स्वतःचंच यान पळवतो. मालिकेत अपवाद आहेत. ‘अमोक टाइम’मध्ये स्पॉकसाठी तो हुकूम मोडतो, पण तिथेही आधी परवानगी मागतो.

तुमच्याकडे कोळशाच्या खाणी आहेत, म्हणून ‘द डेव्हिल इन द डार्क’ पुन्हा बघाच. खाणीत एका अनोळखी प्राण्याने पन्नासहून जास्त माणसं मारलीत, कामगार सूड मागताहेत. प्राण्याला जिवंत पकडावं, असं आधी स्पॉक सुचवतो आणि कर्क त्याला गप्प करतो. मग कर्क बोगद्यात त्या प्राण्यासमोर एकटा सापडतो. आता स्पॉक कळवळून सांगतो, मारून टाक. कर्कच्या हातात शस्त्र आहे, तरी तो थांबतो, कारण प्राणी हल्ला करत नाहीये. कामगार ज्यांना दगडाचे गोळे समजून फोडत होते ती त्याची अंडी होती, हे त्या थांबण्यामुळेच कळतं. बोगद्याची जमीन फरशीसारखी सपाट आहे, यावर बोट ठेवणारे पुष्कळ भेटतील. कर्कचा हात कुठे थांबतो, तिकडे बघा.

मे महिन्यात गच्चीवर प्रोजेक्टर लावून दहा-बारा जणांना दाखवायचं आहे. कोणते भाग?
— एक वाचक, प्रतापनगर

एक भाग साधारण 50 मिनिटांचा, म्हणून एका संध्याकाळी दोनच. नागपुरात मे महिन्यात साडेसातच्या आधी पुरेसा अंधार होत नाही. ‘द एम्पथ’ टाळा. तो बहुतेक काळ्या, रिकाम्या सेटवर घडतो, रस्त्याच्या दिव्यात काहीच दिसणार नाही. ‘स्पेक्टर ऑफ द गन’चं लाल आकाश मात्र चादरीवरही उठून दिसेल. चादर 6 फूट रुंद असेल तर उंची साडेचार फूट धरा आणि चारही कडा ताणून बांधा, नाहीतर वाऱ्याने चेहरे हलतात. कूलरचा झोत माणसांवर ठेवा, प्रोजेक्टरवर नको, कारण ओलसर हवा आणि धूळ एकत्र आली की लेन्सवर थर बसतो. गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे हातभर जागा मोकळी सोडा. आणि आवाजासाठी वेगळा स्पीकर चादरीच्या खाली ठेवा. कूलरच्या घरघरीत प्रोजेक्टरच्या स्पीकरमधून स्पॉकचं बोलणं ऐकू येणार नाही.