टेलिप्रिंटरवर वाढलेला माणूस

प्रश्न : अमेरिकन टीव्हीवरचे वॉल्टर क्राँकाइट हे ‘अमेरिकेतले सर्वांत विश्वासार्ह गृहस्थ’ होते, असं वाचलं. बातम्या वाचून दाखवणाऱ्यावर एवढा विश्वास कशापायी? आणि त्यांचं ऐकून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनामची आशा सोडली, हे खरं का?

उत्तर : ‘वाचून दाखवणारा’ हा शब्द त्यांना झोंबला असता. सीबीएस या अमेरिकन टीव्ही कंपनीचं संध्याकाळचं बातमीपत्र त्यांनी एप्रिल १९६२ ते मार्च १९८१ सांभाळलं, ते मॅनेजिंग एडिटर या नात्यानंही. कुठली बातमी वर घ्यायची, कुठली रोखायची, यात त्यांचा शब्द चाले.

मूळचा गडी वृत्तसंस्थेचा. १९१६ साली मिझुरीत जन्म, टेक्सासमध्ये कॉलेज अर्धवट सोडलं आणि १९३७ मध्ये युनायटेड प्रेसमध्ये शिरले. महायुद्धात बॉम्बफेकी विमानात बसून जर्मनीवर गेले, नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्गचा खटला पाहिला, मॉस्कोत राहिले. टीव्ही नंतरचा, १९५० चा. मी स्वतः बरीच वर्षं डेस्कवर टेलिप्रिंटरचे, म्हणजे तारेनं येणाऱ्या बातम्या छापणाऱ्या यंत्राचे, कागद फाडले आहेत, म्हणून सांगतो : त्या कामात दोन खोडी जडतात. एक घाई करण्याची, दुसरी घाईत आलेल्या मजकुराकडे संशयानं बघण्याची.

२२ नोव्हेंबर १९६३ ला या दोन्ही दिसल्या. राष्ट्राध्यक्ष केनेडींवर डॅलसमध्ये गोळीबार झाल्याची तार आली तेव्हा स्टुडिओतला कॅमेरा तयारच नव्हता. त्या काळी तो तापायला वेळ लागे. क्राँकाइट थांबले नाहीत. चालू मालिका तोडून पडद्यावर नुसती पाटी लावली आणि मागून त्यांचा आवाज. पुढे केनेडी गेल्याचं डॅलसहून कानावर येऊ लागलं, सीबीएसच्या स्वतःच्या वार्ताहराकडूनही. तेही त्यांनी सांगितलं, पण अधिकृत दुजोरा नाही हे जोडून. शेवटी फ्लॅशचा, म्हणजे अतितातडीच्या बातमीचा, कागद हाती आला. वाचताना ‘अधिकृत असल्याचं दिसतं’ एवढी पुस्ती त्यांनी गाळली नाही. मग चष्मा काढला, घड्याळ पाहिलं, आवंढा गिळला. लोकांना तो चष्मा आठवतो. मला ते ‘दिसतं’ आठवतं. राष्ट्राध्यक्ष गेल्याचं सांगतानाही हा माणूस आपल्याला जेवढं कळलंय तेवढंच बोलत होता.

‘सर्वांत विश्वासार्ह’ हे बिरुद मात्र थोडं खाली उतरवून बघा. १९७२ च्या एका जनमत चाचणीत ते पहिले आले खरे, पण त्या यादीत बहुतेक राजकारणीच होते. स्पर्धा फार कडक नव्हती!

आता जॉन्सन. १९६८ च्या सुरुवातीला कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनामवर केलेल्या टेट हल्ल्यानंतर क्राँकाइट व्हिएतनामला जाऊन आले आणि २७ फेब्रुवारी १९६८ च्या खास कार्यक्रमात म्हणाले की युद्ध रुतलंय, वाटाघाटी हाच मार्ग. हे आपलं स्वतःचं मत आहे, असंही त्यांनी आधीच बजावलं. बातमीपत्रात ते असं करत नसत. ‘क्राँकाइट हातचे गेले म्हणजे सर्वसामान्य अमेरिका हातची गेली’, अशा अर्थाचं जॉन्सन यांचं वाक्य सांगतात, पण त्याचे शब्द दर ठिकाणी वेगळे छापलेले सापडतात. टीव्हीसमोर बसून हताश झालेले जॉन्सन हे चित्र तर चुकीचंच. कार्यक्रम चालू होता तेव्हा ते टेक्सासमध्ये, ऑस्टिनला, गव्हर्नर कॉनली यांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते.